फुकट पदवीचा जमाखर्च

कऱ्हाडला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचा गेल्या महिन्यात फोन आला. त्यांच्या धाकटीला जर्मनीत पत्रकारितेत एम.ए. करायचं आहे. "तिथं फी नसते म्हणे. मग नाही म्हणायचं कारण काय?" असं विचारून ते थांबले. मला लगेच बोलता येईना. अगदी हेच वाक्य २०१७ साली माझ्या बाबांनी आमच्या स्वयंपाकघरात म्हटलं होतं, आणि त्या वाक्याच्या भरवशावर आमच्या घराची कागदपत्रं बँकेत तारण गेली होती.

फोन ठेवल्यावर मी जुनी वही काढली. निघताना बाबांनी दिलेली, लाल पुठ्ठ्याची, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. बाबा माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. "रोजचं रोज लिही, आठवड्याचं लिहायला बसलीस की चुकेल," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. लाइपझिग विद्यापीठातला एम.ए., त्यानंतरची नोकरीची शोधाशोध, पहिला पगार, शेवटचा हप्ता, सगळं त्या वहीत आहे. काकांना फोनवर जे सांगता आलं नाही ते वही बघत इथे लिहिते आहे.

१. फी शून्य असली तरी पदवी फुकट नसते.

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत फी नसते हे बहुतांशी खरं आहे. मधल्या काळात काही राज्यांनी ती लावून पाहिली, लोकांना ती पटली नाही, आणि २०१४ मध्ये नीडरझाक्सननं ती सर्वांत शेवटी काढून टाकली. पण "बहुतांशी" हा शब्द नीट वाचा. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्हणजे श्टुटगार्टमध्ये होहेनहाइमला संज्ञापनशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला तर ६,००० युरो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे. मी लाइपझिगला, म्हणजे झाक्सन राज्यात होते, म्हणून मला फी पडली नाही. सत्राला दोनशे-सव्वादोनशे युरोंची वर्गणी होती आणि तिच्यातच ट्राम-बसचा पास यायचा.

खरा खर्च जगण्याचा असतो. व्हिसासाठी वर्षभराचे पैसे आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागतात. इथे त्याला श्पेरकोन्टो म्हणतात. त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम तेवढी बाहेर येते. माझ्या वेळी ते ८,६४० युरो होते, तेव्हाच्या भावानं साडेसहा लाख रुपये. सप्टेंबर २०२४ पासून ते ११,९०४ युरो झाले आहेत आणि युरो शंभर रुपयांच्या आसपास खेळतो आहे. म्हणजे काकांना पहिल्याच दिवशी जवळपास बारा लाख दाखवायचे आहेत. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रं तपासून घेण्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याचे १८,००० रुपये. अर्ज पाठवण्याच्या केंद्राचे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०.

आता वहीत जो आकडा मी फार उशिरा लिहिला तो सांगते. पुण्यातल्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक होते आणि पगार १८,००० रुपये होता. तो मी सोडला. पुढचा पूर्णवेळ पगार हातात पडेपर्यंत साडेतीन वर्षं गेली. बुडालेला पगार साडेसात लाखांवर जातो. फीच्या रकान्यात शून्य दिसत असल्यामुळे या रकान्याकडे आमच्या घरात कोणी पाहिलंच नाही.

२. कर्जाचा हप्ता नोकरीच्या नव्हे, बँकेच्या वेळापत्रकाप्रमाणे सुरू होतो.

दहा लाखांचं शैक्षणिक कर्ज, साडेदहा टक्के व्याज. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि त्यानंतर सवलतीचा काळ. पण जर्मनीत एम.ए. दोन वर्षांत संपवणारे थोडे. प्रबंध परक्या भाषेत लिहायचा, पोटासाठी काम करायचं, आणि जी परीक्षा झेपत नाही ती पुढच्या सत्रात ढकलण्याची मुभा असते. मला तीन वर्षं लागली. २०२१ च्या मार्चमध्ये हप्ता सुरू झाला तेव्हा कर्ज व्याजासह तेरा लाखांच्या वर गेलं होतं. हप्ता २२,४०० रुपये, म्हणजे अडीचशे युरोंच्या पुढे. त्याच महिन्यात माझा पहिला पगार झाला, हातात चौदाशे युरो.

कर्ज वाईट असं मला म्हणायचं नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या त्याही कर्ज काढूनच. सासरे महर्षी कर्वे यांचा विरोध होता, पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले असल्यामुळे ठाम पाठीशी होते, आणि पैसे जीवराज मेहतांनी उसने दिले. ज्यांच्या घरात स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलं गेलं त्या घरातसुद्धा या खर्चावर मतभेद झाले, हे मला फार धीर देणारं वाटतं. घरात वाद होणं स्वाभाविक आहे. आमच्या घरात वाद झालाच नाही, सगळ्यांनी "फी नाही" या दोन शब्दांवर मान डोलावली, आणि आता वाटतं की एकानं तरी हरकत घ्यायला हवी होती.

३. इथे पत्रकार होण्याचं दार विद्यापीठात नसतं.

हे मला पुण्यात कोणी सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे बातमीदार व्हायचं तर पत्रकारितेचा अभ्यासक्रम करायचा आणि वृत्तपत्रात चिकटायचं, अशी वाट असते. जर्मनीत "पत्रकार" या शब्दाला कायद्याचं कुंपण नाही. डॉक्टर किंवा वकील म्हणवून घ्यायला परवाना लागतो, पत्रकार म्हणवून घ्यायला लागत नाही. पण वृत्तपत्रात किंवा नभोवाणीत संपादकाची कायमची जागा हवी असेल तर वोलोन्टारियाट करावं लागतं. दीड ते दोन वर्षांची पगारी उमेदवारी. वेगवेगळ्या विभागांत काही काही महिने काढायचे, वरिष्ठाच्या हाताखाली मजकूर तयार करायचा, मधे प्रशिक्षणाला जायचं. त्यासाठी पदवी कोणतीही चालते. इतिहास, कायदा, जीवशास्त्र शिकलेले लोक संपादकीय विभागात सर्रास दिसतात, आणि जीवशास्त्रवाल्याला विज्ञानाची पुरवणी मिळते.

दुसरी वाट पत्रकारिता-शाळांची. म्युनिकची डॉइच्ये जर्नलिस्टनशूले १९४९ पासून आहे, हॅम्बुर्गला हेन्री नानेन यांच्या नावाची शाळा आहे, कोलोनला आणखी एक. या शाळांची प्रवेश परीक्षा कठीण असते आणि जागा मोजक्या. विद्यापीठांतलं डॉर्टमुंड हे वेगळं उदाहरण. तिथल्या पत्रकारिता विभागानं १९७० च्या दशकापासून वोलोन्टारियाट अभ्यासक्रमातच बसवलं आहे. काकांच्या मुलीनं जर्मन भाषेत शिकायचं ठरवलं असेल तर तिनं आधी डॉर्टमुंडची माहिती काढावी.

मी एम.ए. होऊन बाहेर पडले तेव्हा माझ्या वर्गातल्या जर्मन मुलांनी शिकता शिकता स्थानिक वृत्तपत्रांत चार-चार वर्षं लिहिलं होतं. त्यांच्या अर्जाला कात्रणं जोडलेली होती. माझी कात्रणं मराठीत होती.

४. विभागाचं नाव वाचा, मग अभ्यासक्रमाचं पुस्तक वाचा.

मी घेतलेल्या विषयाचं नाव कोमुनिकात्सिओन्स-विसेनशाफ्ट. मी त्याचं मनात "मास कॉम" असं भाषांतर केलं आणि तिथेच चुकले. विसेनशाफ्ट म्हणजे शास्त्र. बातमी कशी लिहावी हे तिथे शिकवत नाहीत. बातमीचा समाजावर परिणाम कसा मोजावा हे शिकवतात. पहिल्या सत्रात संख्याशास्त्र, दुसऱ्यात मजकुराचं मोजमाप, तिसऱ्यात पाहणीची प्रश्नावली कशी बांधायची. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही मथळे लावायला, पान लावायला, वेळेत मजकूर द्यायला शिकलो होतो. इथे त्यातलं काही नव्हतं, आणि पहिले सहा महिने मी चुकीच्या घरात शिरल्यासारखी वावरले.

पण लाइपझिग या शहराला या विषयाचा हक्क आहे. १६५० मध्ये इथेच रोज निघणारं वृत्तपत्र सुरू झालं. १६९० मध्ये टोबियास पॉयत्सर नावाच्या विद्यार्थ्यानं याच विद्यापीठात वृत्तपत्रांवर प्रबंध सादर केला; या विषयावरचा तो जगातला पहिला प्रबंध मानतात. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' त्यानंतर १४२ वर्षांनी निघालं. १९१६ मध्ये कार्ल ब्यूशर यांनी जर्मनीतली वृत्तपत्रविद्येची पहिली विद्यापीठीय संस्था काढली तीही लाइपझिगलाच. ब्यूशर अर्थशास्त्रज्ञ होते, तरुणपणी वृत्तपत्रात काम केलेले. वृत्तपत्र विकतं ती जाहिरातीची जागा, आणि ती जागा विकली जावी म्हणून बातम्या छापाव्या लागतात, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी स्पष्ट मांडलं होतं. ते वाचताना मला माझ्या पुण्यातल्या दैनिकाची पहिली अख्खी जाहिरातीची पानं आठवली. पदवीच्या आर्थिक मोलाचा विचार करायचा तर या माणसापासून सुरुवात करायला हवी होती, असं आज वाटतं. बातमीचे पैसे कोण देतो ते कळल्याशिवाय बातमी लिहिणाऱ्याला किती मिळतील हे कळत नाही.

आणि ज्या संख्याशास्त्राला मी घाबरले त्यानंच पुढे मला पगार दिला. पाहणीचे आकडे वाचता येतात आणि ते साध्या भाषेत लिहिता येतात, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सहसा सापडत नाहीत.

५. भाषा हीच फी.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात पत्रकारिताही शिकवत आणि जर्मनही. दुपारी बातमीलेखनाचा तास आणि संध्याकाळी त्याच आवारात जर्मनचा वर्ग, असं मी तीन वर्षं केलं. बी२ पातळीपर्यंत पोहोचले, चांगल्या गुणांनी. मग सी१ ची परीक्षा घासून पार केली आणि समजले की आता जर्मन आली.

पहिल्या चर्चासत्रात प्राध्यापक वीस मिनिटं बोलले. मला विषय कळला, वाक्यं कळली, पण सगळे एका ठिकाणी हसले ते का हे कळलं नाही. भाषेतल्या ज्या कामावर पगार मिळतो ते काम नेमकं त्या हसण्याच्या जागेवर असतं. अभियंत्याला तोडकं जर्मन चालून जातं, कारण यंत्र त्याच्या वतीनं बोलतं. आमच्या धंद्यात भाषा हेच यंत्र. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट. त्यातले निम्म्याहून अधिक अभियांत्रिकीचे. पुण्यातले एजंट जी यशोगाथा सांगतात ती त्यांची असते. ती ऐकून संज्ञापनाच्या विद्यार्थ्यानं स्वतःचा हिशोब मांडू नये.

मला जर्मन शिकवली ती एका बेकरीनं. पहाटे साडेपाचला दुकान उघडायचं, तासाला ८ युरो ८४ सेंट, तेव्हाचं कायद्यानं ठरलेलं किमान वेतन. हिवाळ्यात साडेसातपर्यंत बाहेर काळोख. ब्रोटशनच्या, म्हणजे छोट्या पावांच्या, अकरा जाती पाठ कराव्या लागल्या. म्हातारी गिऱ्हाइकं झाक्सन बोलीत बोलायची, क ला ग आणि ट ला ड म्हणायची, आणि पुस्तकातली जर्मन तिथे उपयोगाची नव्हती. एक आजी रोज दोन पाव आणि स्थानिक वृत्तपत्र घ्यायच्या. सुट्टे पैसे काढता काढता त्या पहिल्या पानावरच्या बातमीवर एक वाक्य बोलायच्या आणि माझं मत विचारायच्या. सुरुवातीला मी फक्त मान हलवायची. मग मी पहाटे गिऱ्हाईक येण्याआधी पहिलं पान वाचून ठेवायला लागले, कारण त्या विचारणार हे माहीत होतं. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला पत्रकारितेचा वर्ग तो होता.

पैशांचंही सांगते. त्या वेळी परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १२० पूर्ण दिवस किंवा २४० अर्धे दिवस काम करता येत असे. मार्च २०२४ पासून ते १४० आणि २८० झालं. माझा हिशोब असा: २४० अर्धे दिवस, चार तासांप्रमाणे ९६० तास, ८.८४ च्या दरानं ८,४८६ युरो. म्हणजे वर्षभराच्या श्पेरकोन्टोएवढेच जवळजवळ. कागदावर कमाई खर्चाला पुरते. पण ते ९६० तास प्रबंधाच्या तासांतून जातात आणि मग दोन वर्षांची तीन होतात. बेकरीनं मला भाषा दिली नसती तर हा सौदा तोट्याचा ठरला असता.

आणि तरीही एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत मला सांगण्यात आलं की तुमची भाषा उत्तम आहे, पण आमच्या वाचकाला तुम्ही इथल्या नाहीत हे तिसऱ्या परिच्छेदात कळतं. मी त्यांना दिलेला मजकूर घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचला. त्यांचं म्हणणं खरं होतं. मराठीत मी कोल्हापूरच्या माणसाचं वाक्य नागपूरच्या माणसाच्या वाक्यापासून वेगळं ओळखते, ते ओळखणं पाच वर्षांत परक्या भाषेत येत नाही. ज्या मुलीला भाषेवर जगायचं आहे तिला हे आधी सांगायलाच हवं. मला कोणी सांगितलं नाही याचं दुःख अजून आहे.

६. इंग्रजीतला सोपा रस्ता सर्वांत महाग असतो.

मोठ्या शहरांत खासगी संस्था आहेत. इंग्रजीतून माध्यम-व्यवस्थापन किंवा संज्ञापन शिकवतात, जर्मनची अट नाही, प्रवेश पटकन. फी वर्षाला दहा-बारा हजार युरो असू शकते. शिकून झाल्यावर नोकरीची जाहिरात जर्मनमध्येच असते. माझ्या ओळखीच्या दोन मराठी मुली या वाटेनं आल्या. एक हॉटेलच्या स्वागतकक्षात आहे, दुसरी परत गेली. दोघीही माझ्यापेक्षा हुशार. संस्था सरकारमान्य आहे का, एवढं तपासल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. आणि प्रवेश मिळवून देणाऱ्याला त्या संस्थेकडून किती मिळतात, हे त्याला समोर बसवून विचारावं.

७. धंद्याची तब्येत बघा.

मी मराठी वृत्तपत्रांचं आकसणं बघून निघाले होते. जर्मनीत वेगळं असेल असा समज होता. 'फिनान्शियल टाइम्स डॉइचलँड' ७ डिसेंबर २०१२ ला बंद पडलं होतं, पण ते मी वाचलं नव्हतं. मी उमेदवारी संपवत होते त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, आरटीएल या माध्यमसमूहानं हॅम्बुर्गच्या ग्रुनर उंड यार या जुन्या प्रकाशनगृहाची २३ मासिकं बंद करण्याचं जाहीर केलं, शेकडो जागा गेल्या. ज्या जागांसाठी मी अर्ज करत होते तिथे आता वीस वर्षं अनुभवाचे लोक रांगेत उभे होते. बर्लिनच्या 'टात्स'नं ऑक्टोबर २०२५ पासून आठवड्याच्या दिवसांचा छापील अंक थांबवला.

एक आधार मात्र इथे आहे, जो आपल्याकडे नाही. प्रत्येक घर सार्वजनिक नभोवाणी आणि दूरचित्रवाणीसाठी महिन्याला १८ युरो ३६ सेंट देतं, टीव्ही असो वा नसो. आम्ही तिघी एका घरात राहायचो, वाटून भरायचो, आणि सुरुवातीला मला ते जाचायचं. आता वाटतं, बातमीसाठी प्रत्येक घरानं पैसे मोजायचे हे एका समाजानं ठरवलं, ही मोठी गोष्ट आहे. धंद्यातल्या बऱ्यापैकी सुरक्षित नोकऱ्या त्याच पैशांवर उभ्या आहेत.

८. स्वतंत्र लेखनाला परवानगी लागते.

विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येते, पण मानधनावर स्वतंत्र लिहिणं हा स्वयंरोजगार, आणि त्याला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी हवी. मी ती आधी काढली, मगच एका छोट्या पत्रकाला ओळीच्या हिशोबानं लेख दिले. पदवीनंतर पूर्णवेळ स्वतंत्र लेखन करणाऱ्यांसाठी १९८३ पासून क्युन्स्टलर-सोत्सियाल-कासे ही योजना आहे: लेखक-कलावंतांनी आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाची अर्धीच वर्गणी भरायची, उरलेली अर्धी त्यांचं काम वापरणारे आणि सरकार मिळून भरतात. माझी एक मैत्रीण त्यावरच टिकून आहे.

९. पगाराचा मोठा आकडा वाचू नका, हातात येणारा वाचा.

उमेदवारीत मला महिन्याला १,९५० युरो होते, दुसऱ्या वर्षी २,१५०. एका व्यापारविषयक मासिकाच्या प्रकाशनगृहात, जिथे पाणीपुरवठा आणि पाइप यांवर लिहायचं असे. कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, बेकारी विमा वजा जाऊन १,४०० उरायचे. खोली, जेवण, प्रवास आणि कऱ्हाडचा हप्ता भागवून महिनाअखेर शंभर-दीडशे. त्याच वर्षी नोकरीला लागलेल्या माझ्या कॉलेजमधल्या अभियंता मित्राचा पगार दुपटीहून जास्त होता.

२०२३ मध्ये मी एका पाणीपुरवठा कंपनीच्या जनसंपर्क विभागात गेले. ३,५०० युरो, हातात २,३०० च्या आसपास. ग्राहकांच्या पाहण्या वाचायच्या, अहवाल लिहायचे, पाइप फुटला की नागरिकांना कळेल अशा भाषेत सूचना काढायची. हे काम मिळालं ते एम.ए.च्या संख्याशास्त्रामुळे, पाइपांवर लिहिलेल्या दोन वर्षांमुळे आणि बेकरीतल्या जर्मनमुळे. ही पत्रकारिता नाही, हे मला माहीत आहे. पण संज्ञापनाच्या पदवीला पैसे मिळतात ते बहुतेक इथेच, वृत्तपत्राच्या बाहेर, आणि काकांनी मुलीच्या भावी पगाराचा अंदाज बांधायचा तर या पगारावरून बांधावा.

१०. राहण्याचा हक्क जमेच्या बाजूला लिहा.

हा रकाना माझ्या वहीत नव्हता. जर्मन विद्यापीठाची पदवी घेतली की नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं. मला त्यातले जवळपास सहा लागले, साथीच्या काळात. पूर्वी नोकरी पदवीशी जुळती असावी लागे; नोव्हेंबर २०२३ पासून पात्रतेचं कोणतंही काम चालतं. आणि इथल्याच पदवीधराला दोन वर्षं अशी नोकरी केल्यावर कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. इतिहासाच्या पदवीलाही तो लागू आहे, त्यामुळे हे मोल पत्रकारितेचं नाही, जर्मन पदवीचं आहे. पण मोल आहेच.

११. न गेले असते तर काय झालं असतं, हेही लिहा.

माझ्यासोबत पुण्यात त्याच टेबलावर बसणारी मैत्रीण तिथेच राहिली. आता ती एका डिजिटल माध्यमात संपादक आहे, महिन्याला पासष्ट हजार मिळतात, पुण्यात घराचा हप्ता भरते. तिच्या बातमीनं गेल्या वर्षी एका तालुक्यातला अडकलेला पीकविमा मोकळा झाला.

माझं गणित असं. २०२३ च्या अखेरीपासून हप्ता दुप्पट केला आणि २०२५ च्या दिवाळीत कर्ज फिटलं. दहा लाख घेतले होते, साडेसतरा लाख फेडले. बुडालेला पगार धरला तर पंचवीस लाख, फी नसलेल्या पदवीचे. आज मी महिन्याला त्या मैत्रिणीच्या तिपटीहून जास्त हातात घेते, पण लाइपझिगमध्ये माझीच जुनी २७० युरोंची खोली आता ४२० ला जाते आणि शिल्लक पाहिली तर आम्ही दोघी फार लांब नाही. घराची कागदपत्रं परत आली तेव्हा बाबांनी वहीतला शेवटचा आकडा फोनवर वाचायला सांगितला, स्वतः बेरीज करून पाहिली, आणि "बरोबर आहे" म्हणाले.

मराठीत लिहिणं मात्र माझ्याकडून सुटलं. आठ वर्षांत दोन दिवाळी अंकांत दोन लेख. त्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा काकांच्या मुलीशीच बोलले. हुशार आहे, बी१ झालं आहे, रोज जर्मन बातम्या ऐकते. तिला मी तीन कामं सांगितली आहेत. जिथे अर्ज करायचा त्या प्रत्येक विभागाला पत्र लिहून विचारायचं की गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेले परदेशी विद्यार्थी आज काय काम करतात. कऱ्हाडच्या पालिकेच्या एका सभेवर तीनशे शब्द जर्मनमध्ये लिहायचे आणि मला पाठवायचे. आणि बँकेतून सवलतीचा काळ संपल्यानंतरच्या हप्त्याचा लेखी आकडा आणायचा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा नाही, तीन वर्षांच्या. विभागांना पत्रं गेली आहेत. उत्तरं आली की ती फोन करणार आहे, तेव्हा बाबाही तिच्या शेजारी बसतील, कोरी वही घेऊन.